वीरगळ आणि शिलालेख जागेवर राहू द्यावेत की देवळात आणून मांडावेत?

सह्यपथिक

नमस्कार. गडकिल्ल्यांचा नाद थोडा बाजूला ठेवून मी अलीकडे तालुक्यागणिक गावे फिरतो आणि तेथील जुन्या खुणा पाहतो. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा, गद्धेगाळ (शापाचे शिल्प असलेल्या दानाच्या शिळा), शिवेचे दगड, बारवा, पडक्या वेशी, समाध्या आणि ज्यावर चार अक्षरे कोरलेली आहेत असा कोणताही चिरा, एवढा या भटकंतीचा आवाका आहे. या खुणांना तिकीट नसते, फलक नसतो आणि बहुतेकदा त्यांच्याकडे जाणारी नीट वाटही नसते.

घाटमाथ्यावरील एका गावात ग्रामदैवताच्या देवळाचा नुकताच जीर्णोद्धार झाला आहे. तेथे आवाराच्या भिंतीलगत वीरगळ ओळीने उभे केले असून त्यांच्या बुडाशी सिमेंटचा ओटा घातला आहे. हा ओटा इतका वर आला आहे की प्रत्येक दगडाचा सर्वांत खालचा कप्पा त्यात गाडला गेला आहे; एका वीरगळावर तर आडव्या पडलेल्या वीराचा केवळ गुडघा आणि ढालीची कड एवढेच फरशीच्या वर दिसते. त्यातच सर्व दगडांना चंदेरी ऑइलपेंट फासलेला आहे. पुजाऱ्यांशी बोललो तेव्हा ते आपुलकीने म्हणाले, ‘‘रानात, ओढ्याकाठी कुठेकुठे पडलेले होते, गावाने गोळा करून देवाच्या दारी आणले.’’ कोणता दगड नेमका कोठून आणला, हे मात्र त्यांच्यासह कोणालाच सांगता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, अशा खुणा मूळ जागी ऊनपावसात राहू देणे योग्य, की गावाने केले तसे एकत्र आणून मांडणे योग्य? दोन्ही बाजूंनी अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया लिहावे.

कोरीवलेख

धागा अत्यंत आवश्यक आहे. माझे मत स्पष्टपणे ‘जागेवर राहू द्यावेत’ असे आहे आणि त्याचे कारण आपल्या वर्णनातच आले आहे.

वीरगळ खालून वर वाचला जातो. सर्वांत खालच्या कप्प्यात वीर मरून पडलेला असतो आणि पुष्कळदा तो कशामुळे मेला, याची खूणही तेथेच असते. त्याच्याशेजारी गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन राखताना किंवा सोडवताना पडला, असे समजतात. त्याच्या वरच्या कप्प्यात प्रत्यक्ष लढाई, त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत असे दृश्य, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य असतात. कप्प्यांची संख्या कमीअधिक होते, परंतु क्रम साधारण हाच राहतो. त्यामुळे खालचा कप्पा सिमेंटमध्ये गेला म्हणजे स्वर्ग तेवढा शिल्लक राहतो आणि मरणाचे कारण नाहीसे होते. स्वर्गाचे दृश्य बहुतेक सगळ्या वीरगळांवर सारखेच असते. वेगळेपण असते ते खाली.

बोरिवलीजवळील एकसरचे वीरगळ पाहिले नसल्यास अवश्य पाहावेत. त्यांच्यावर वल्ही मारत निघालेल्या जहाजांच्या रांगा आहेत, आरमारी युद्ध आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. हे दगड खाडीच्या परिसरातील गावात उभे आहेत, म्हणून त्यांवरील जहाजांना अर्थ आहे. तेच दगड उद्या एखाद्या डोंगरी तालुक्यातील वस्तुसंग्रहाच्या अंगणात नेऊन ठेवले, तर पाहणारा प्रथम बुचकळ्यातच पडेल.

गावकरी

वरील प्रतिसाद आदराने वाचला, परंतु मी नेमका दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या गावात शिवेवर वीरगळ होते. रस्ता रुंद करण्याचे काम निघाले तेव्हा त्यातील काही जेसीबीने मुरमाबरोबर उचलले आणि ते भरावात गेले. ते आज डांबराखाली आहेत. राहिलेले आम्ही काही जणांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून देवळात आणले, म्हणून निदान तेवढे तरी पाहायला मिळतात. त्या वेळी अक्षांश-रेखांश टिपून घेण्याइतकी सवड नव्हती. ठेकेदाराचा माणूस यंत्र सुरू ठेवून उभा होता. शहरातून येणारे अभ्यासक छायाचित्रे काढतात, ‘‘अरेरे, ओटा का घातला’’ असे म्हणतात आणि संध्याकाळच्या आत परत जातात. दगड उघड्यावर राहिला तर त्यावर कोयत्याला धार लावली जाते, म्हैस बांधली जाते, कोणी तो धुणे धुण्यासाठी पालथा घालतो. देवाच्या दारी आला की त्याला निदान कोणी पाय लावत नाही. शेंदूर आणि रंग तुम्हाला खटकतात हे मला मान्य आहे, परंतु ज्याला शेंदूर लागला तोच दगड आमच्याकडे टिकला.

खट्याळ

आमच्या भागात पांडवांनी एका रात्रीत बांधले नाही असे एकही देऊळ नाही, आणि कोंबडा आरवल्यामुळे अर्धवट राहिले नाही असेही एकही नाही. वनवासाच्या बारा वर्षांत पांडवांना एवढ्या रात्री पुरल्या कशा, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

नियमावली

खट्याळ यांच्या पांडवांना नाशिकची लेणीसुद्धा मोजावी लागतील. ‘पांडवलेणी’ हे नाव कायम झाले असले तरी ती बौद्ध लेणी आहेत आणि क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, तसेच सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री यांचे लेख तेथेच भिंतींवर आहेत.

मूळ प्रश्नासंबंधी कायद्याची बाजू मांडतो, कारण ‘हे दगड कोणाच्या मालकीचे’ या प्रश्नावर गावोगावी गोंधळ दिसतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली घोषित झालेली राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. त्यांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीने करता येते; ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांची देखभाल राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. शिवेवरचे बहुतेक वीरगळ या दोन्ही याद्यांत नसतात. तरीही ते बेवारस ठरत नाहीत, कारण १९७२ च्या पुराणवस्तूविषयक कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने शिल्प किंवा कोरीव लेख ही पुराणवस्तू ठरते. तिची निर्यात करता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

जमिनीत पुरलेले काही सापडल्यास १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांचा हा आकडा कायदा झाल्यापासूनचा आहे.

खट्याळ

म्हणजे शेतात नांगरताना एखादी जुनी पळी सापडली तरी जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटा ठरलेलाच.

नियमावली

पळीचे पुढे पाहता येईल, परंतु गुप्तधनाचा उल्लेख आलाच आहे तर एक गंभीर गोष्ट सांगतो. चंद्रसूर्य कोरलेला दगड म्हणजे धनाची खूण, या समजुतीपायी शिळांच्या बुडाशी रातोरात खड्डे खणले जातात आणि त्या फोडल्याही जातात. चंद्रसूर्याचा अर्थ ‘आचंद्रसूर्य’ एवढाच असतो. हे दान किंवा ही कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिको, असे कोरणाऱ्याला म्हणायचे असते. हे गावात चार जणांना समजावून सांगितले तरी एखादा दगड वाचण्यास मदत होते.

वर्गशिक्षिका

गद्धेगाळ या प्रकाराविषयी लिहिते, कारण जागेवरून हलवण्याचा आणि लपवण्याचा सर्वाधिक त्रास याच शिळांना होतो.

गद्धेगाळ ही दानाची शिळा असते. वर चंद्रसूर्य व कलश, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. हे दान जो मोडेल त्याच्या घरातील स्त्रीची अशी विटंबना होईल, असा तो शाप आहे. काही शिळांवर मजकूर नसून केवळ शिल्प असते. अलिबागजवळील अक्षी येथील प्रसिद्ध शिलालेख हा गद्धेगाळच आहे. त्यावर ‘पश्चिम समुद्राधिपती’ आणि ‘कोंकण चक्रवर्ती’ म्हणवणाऱ्या केसिदेवरायाचा उल्लेख आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला गेल्यामुळे त्याला मराठीतील सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणण्याचा प्रघात पडला. या वाचनावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

अडचण अशी की, शिल्प अश्लील वाटल्यामुळे काही ठिकाणी ही शिळा तोंड भिंतीकडे करून उभी केली जाते, काही ठिकाणी पुरली जाते, तर काही गावांत तिला शेंदूर लावून देवी म्हणून पूजले जाते. विद्यार्थ्यांना घेऊन जाताना शिक्षकांची काय अवस्था होते, याची कल्पना सदस्यांनी करावी. मी मुलांना एवढेच सांगते की, त्या काळी जमिनीचा कागद चोरता येत असे किंवा जाळता येत असे, म्हणून राजाने तो दगडावर कोरला. आणि पहारेकरी ठेवणे परवडत नव्हते, म्हणून त्याखाली शिवी कोरली. आठवीतील मुलांना हे ताबडतोब समजते. शिक्षेचा भार दान मोडणाऱ्याच्या घरातील स्त्रीवर का टाकला, असा प्रश्न एखादी मुलगी विचारतेच, आणि तो प्रश्न मी वर्गात पुरेसा वेळ चालू देते.

गद्धेगाळ दान दिलेल्या जमिनीपाशी किंवा गावाच्या हद्दीवर उभा केलेला असतो. त्यामुळे तो हलवला की कोणती जमीन, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. या मुद्द्यावर मी कोरीवलेख यांच्याशी सहमत आहे.

शके_१६४१

जागेचा प्रश्न बाजूला ठेवून फलकांविषयी थोडी तक्रार करतो. नवे फलक लावताना शके आणि इसवी सन यांत इतका घोळ होतो की वाचणारा शंभर वर्षे इकडेतिकडे जातो.

साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर हे ठळक उदाहरण आहे. छत्रपती थोरले शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली आणि बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा आहे. त्यात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतो, जो शाहू महाराजांच्या कारकिर्दीशी नीट जुळतो. परंतु इंटरनेटवर अनेक ठिकाणी ही विहीर चक्क इसवी सन १६४१ ते १६४६ मध्ये बांधली असे छापलेले आहे. १६४१ मध्ये शिवाजी महाराजांचे वय अवघे अकरा-बारा होते आणि शाहू महाराजांच्या जन्माला चाळीस वर्षे अवकाश होता. तरीही एकाचे पाहून दुसरा तेच लिहितो आणि पर्यटकांना तेच सांगितले जाते.

शकाला साधारणपणे ७८ मिळवावेत. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर इंग्रजी वर्ष बदललेले असण्याची शक्यता असते, तेव्हा ७९. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा अरबी सन, असेल तर मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावेत. मोडी कागदांत तो अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ‘समान सबैन अलफ’ म्हणजे आठ, सत्तर आणि हजार मिळून १०७८, अर्थात इसवी सन १६७७-७८. लेखात संवत्सराचे नाव असेल तर तेही पडताळून पाहावे. साठ नावांचे चक्र असल्यामुळे शकाचा एखादा अंक झिजलेला असला तरी संवत्सरावरून तो बरेचदा पकडता येतो.

कोरीवलेख

याला पूर्ण अनुमोदन. त्याला एक पुरवणी जोडतो: काळ्या दगडाचे कोणतेही देऊळ दिसले की फलकावर ‘हेमाडपंती’ असे लिहून मोकळे होण्याची सवयही त्याच जातीची आहे. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा तेराव्या शतकातील महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारातील मंत्री होता. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील, शिलाहारांचे आहे. त्यालाही हेमाडपंती म्हणणे म्हणजे पणजोबांना पणतूचे नाव देण्यासारखे आहे.

आता गावकरी यांच्या प्रतिसादाकडे वळतो. यंत्र सुरू असताना आपण दगड उचललेत, हे योग्यच केलेत. माझा विरोध संकटात हलवण्याला नाही, तर संकट नसताना सुशोभीकरण म्हणून हलवण्याला आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आणलेल्या दगडांमागे कोणतीही घाई नसते. तरीही जागेची नोंद केली जात नाही.

जागा काय सांगते, याचे एक उदाहरण नाणेघाटातले आहे. तेथील लेण्यात सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा भिंतीत कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमा नष्ट झाल्या, काहींची केवळ पावले उरली. परंतु त्यांच्या वर ब्राह्मी लिपीत कोरलेली सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि सातकर्णी ही नावे भिंतीवर आहेत आणि म्हणून कोण कोठे होते हे आज सांगता येते. प्रतिमा गेल्या तरी जागा शिल्लक होती, म्हणून ओळख राहिली.

मैलाचा_दगड

माझे सदस्यनाम पाहता मला या धाग्यावर लिहिणे भागच आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले मैलाचे दगड होते, त्यांवरील अंतर फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते. रस्ते आणि पदपथ दरवेळी वर चढत गेल्यामुळे त्यातील काही जवळजवळ पूर्ण गाडले गेले होते. अशा दगडाचे सारे मोल त्याच्या जागेत असते. तो सुशोभित करून बागेत नेला तर त्यावरील आकडा त्याच क्षणी खोटा ठरतो.

नागपूरचा शून्य मैल स्तंभही याच प्रकारात मोडतो. १९०७ मध्ये उभारलेली ही खूण त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी संबंधित आहे आणि तिची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दिली जाते. दशांश चिन्हापुढे तीन अंकांपर्यंत मोजलेली उंची असलेला दगड चार पावले सरकवता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. तेथे येणारी बहुसंख्य मंडळी मात्र घोड्यांच्या पुतळ्यांपाशी छायाचित्र काढून जातात आणि उंचीचा आकडा कोणाच्या खिजगणतीत नसतो.

गावकरी

मैलाच्या दगडाचे म्हणणे पटते, परंतु वीरगळ म्हणजे मैलाचा दगड नव्हे. वीर जेथे पडला तेथेच शिळा उभी केली असेल, असे प्रत्येक वेळी सांगता येते का? आमच्याकडील काही दगड तर आधीच कोणीतरी वेशीच्या बांधकामात चिरा म्हणून वापरलेले होते. म्हणजे आमच्या आधीच्या पिढ्यांनीही ते हलवलेच होते. मग ‘मूळ जागा’ कोणती धरायची?

कोरीवलेख

हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे सरसकट उत्तर नाही. वीरगळ रणभूमीवर, गावाच्या वेशीपाशी, देवळासमोर किंवा शिवेवर असे सर्वत्र आढळतात. परंतु वेशीच्या बांधकामात वापरलेला वीरगळ हीदेखील माहितीच आहे. वेस त्या वीरगळानंतर बांधली गेली आणि ती बांधणाऱ्यांना त्या वीराची ओळख उरली नव्हती, किंवा त्याची पर्वा नव्हती, एवढे त्यावरून निश्चित कळते. तो दगड वेशीतून उपटून देवळात आणला की हे दुसरे वाक्य पुसले जाते. म्हणून ‘मूळ’ या शब्दाचा आग्रह मी सोडतो आणि ‘आपल्याला सापडला ती जागा’ असे म्हणतो.

रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ असा हिरोजी इंदुलकरांचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. रायगड बांधणाऱ्या माणसाने आपले नाव कोरण्यासाठी पायरी निवडली. तो चिरा काढून काचेच्या पेटीत ठेवला तर अक्षरे तीच राहतील, परंतु देवदर्शनाला जाणाऱ्याचे पाय त्या नावाजवळून जातात, ही त्यातली सारी गोष्ट संपेल.

बारवप्रेमी

दोन्ही पक्षांनी परळच्या शिवशिल्पाकडे पाहावे, असे सुचवतो. १९३१ मध्ये परळ भागात रस्त्याचे काम करताना हे प्रचंड एकसंध शिल्प सापडले. ते संग्रहालयात गेले नाही. जवळच्या बारादेवी मंदिरात ठेवले गेले, तेथे त्याची पूजा होते आणि त्याची प्लास्टरची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ मूर्ती वस्तीत राहिली, अभ्यासकांची सोय प्रतिकृतीने झाली. प्रत्येक वीरगळाची प्रतिकृती करणे परवडणार नाही हे खरे, परंतु आता मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांपासून त्रिमितीय प्रतिमा तयार करता येतात आणि त्याला ट्रॅक्टर लागत नाही.

जाता जाता एक सूचना. भटकंती करताना दगड शोधण्याआधी गावाची पांढर शोधावी. जुनी वस्ती ज्या उंचवट्यावर होती तेथील माती राखेमुळे भुरकट असते, पावसानंतर खापरांचे तुकडे वर येतात आणि वीरगळ, पडके जोते, बुजलेली बारव असे बरेच काही त्याच परिसरात हाती लागते. खापरे पाहावीत, छायाचित्र घ्यावे, परंतु खिशात घालू नयेत. गावातील वृद्ध मंडळींना ‘ऐतिहासिक स्थळ कोठे आहे’ असे विचारले तर ते जवळच्या किल्ल्याकडे बोट दाखवतात. ‘जुनी पांढर कोणती, नवसाचा दगड कोणता’ असे विचारले तर तेच आजोबा काठी घेऊन पुढे चालू लागतात.

वर्गशिक्षिका

बारवप्रेमी यांचा शेवटचा परिच्छेद छापून वर्गात लावण्याजोगा आहे. मुलांना आम्ही हेच काम देतो: घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला शिवेवरच्या दगडांची नावे विचारून आणायची.

तिरका_प्रकाश

नोंद कशी करावी, याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. झिजलेला लेख भर दुपारी वाचता येत नाही, कारण ऊन समोरून पडते आणि अक्षरांच्या खाचांत सावली राहत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. नाहीतर सावलीतील दगडावर एका बाजूने, दगडाच्या जवळजवळ समांतर, टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि टॉर्च हळूहळू फिरवत छायाचित्रे घ्यावीत. एका कोनातून जी रेघ केवळ चरा वाटते ती दुसऱ्या कोनातून वेलांटी असल्याचे दिसते. साधे स्वच्छ पाणी शिंपडल्यानेही कधीकधी उठाव येतो.

खडू, पीठ, कुंकू, कोळसा यांपैकी काहीही अक्षरांत भरू नये. त्यामुळे दगडाला इजा होतेच, शिवाय भरणाऱ्याला जे अक्षर वाटले तेच पुढील प्रत्येक छायाचित्रात दिसू लागते. कागदाचा ठसा घेण्याचे काम शिकलेल्या माणसावर सोपवावे.

प्रत्येक दगडासाठी एवढे टिपावे: अक्षांश-रेखांश, तोंड कोणत्या दिशेला आहे, जमिनीवरील उंची व रुंदी, शेजारी काय आहे, गावात त्याला काय म्हणतात आणि कोणी सांगितले. छायाचित्रात मोजपट्टी असावी. हलवावाच लागला, तर हलवण्याआधी हीच नोंद करून दगडाच्या मागील बाजूस नव्हे, तर वहीत क्रमांक द्यावा. दगडाच्या मागे रंगाने क्रमांक टाकलेलेही पाहिले आहेत.

शके_१६४१

सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४० च्या लेखाचा शेवट ‘वाछि तो विजेया होईवा’ असा आहे, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी लेखकाने वाचणाऱ्यासाठी बक्षीस ठेवले आणि आपण मात्र त्यात पीठ भरतो.

खट्याळ

विजयी होण्यासाठी आधी शके आणि इसवी सन यांतला फरक समजावा लागेल, ही अट लेखात नाही, हे बरे झाले.

सह्यपथिक

सर्वांचे आभार. चर्चेवरून मी स्वतःपुरते असे ठरवले आहे की, ज्या गावात दगड अजून शिवेवर किंवा पांढरीत आहेत तेथे नोंद करून ती ग्रामपंचायतीत आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्यायची व हलवण्याचा आग्रह धरायचा नाही. जेथे ते आधीच देवळात आले आहेत, तेथे वृद्ध मंडळींकडून मूळ ठिकाणे विचारून लिहून ठेवायची. गावकरी यांनी मांडलेली अडचण मला पूर्ण मान्य आहे. रस्त्याचे काम येते तेव्हा वही वाचवत नाही, ट्रॉली वाचवते.

आता मूळ गावाविषयी एक व्यावहारिक प्रश्न उरतो. त्या वीरगळांवरचा ऑइलपेंट काढता येईल का? आणि ओटा फोडून खालचा कप्पा मोकळा करता येईल का?

कोरीवलेख

आपण स्वतः दोन्ही करू नये. रंग काढण्याची बाजारातील द्रावणे, आम्ल आणि तारेचा ब्रश या तिन्हींनी कोरीव कामाची वरची कातडी जाते. बेसाल्ट कठीण असला तरी शतकानुशतके ऊनपावसात राहिलेला त्याचा पृष्ठभाग तितका कठीण राहत नाही. संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आधी एका कोपऱ्यात छोट्या तुकड्यावर चाचणी घेते आणि मगच पुढे जाते. ओट्याचेही तसेच आहे. छिन्नीचा हादरा दगडात उतरला तर कप्प्याबरोबर वीरगळही दुभंगेल. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडून संचालनालयाकडे अर्ज करणे हा लांबचा, परंतु खात्रीचा मार्ग आहे. तोवर निदान नवा थर चढू नये, एवढे पाहता आले तरी पुष्कळ झाले.

गावकरी

नवा थर चढू नये असे वाटत असेल तर वेळ साधावी लागेल. रंगाचे डबे जत्रेच्या आधीच्या पंधरवड्यात येतात आणि एकदा आणले की ते संपवल्याशिवाय कोणी थांबत नाही. त्याआधी जाऊन बोलावे, आणि बोलणे यात्रा समितीशी करावे, कारण देवळाच्या आवारात सरपंचाचे फारसे चालत नाही. रंग लावूच नका असे म्हटल्यास कोणी ऐकणार नाही. कमानीला आणि कठड्याला हवा तेवढा लावा, दगडांना तेल-शेंदूरही नको, फक्त पाणी आणि फूल वाहा, असे सांगितल्यास ऐकतील. आमच्या गावात हे एवढ्यावर मिटले आहे.